प्रेमाचा गुंता, व्हाया शिन-ओकुबो

मराठी पेपरात 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द दिसले की पुढचं वाचायची गरज उरत नाही. चाकू, अॅसिड, नाहीतर विहीर. इतकी वर्षं हे शब्द गुन्ह्याच्या बातमीलाच चिकटलेत, की कुणाला नुसतंच कुणीतरी आवडलं आणि पलीकडून काही आलं नाही, एवढं साधं दुःख सांगायला आपल्याकडे बरा शब्दच राहिला नाही.

जपानीत याला 'काताओमोई' म्हणतात. काता म्हणजे एक बाजू, ओमोई म्हणजे मनातला भाव. कोरियनमध्ये 'च्चाकसारांग'. दोन्ही शब्द ऐकले की ऐकणारा जरासा हसतो आणि चहा मागवतो. पोलिसांची आठवण कुणाला होत नाही.

हे मला कळलं ते २००७-०८ मध्ये, टोकियोत. नोकरीनिमित्त निशी-कासाईला राहायचो (अर्धी भारतीय मंडळी तिथेच). दर शनिवारी तोझाई लाईन पकडून ताकादानोबाबाला एका गप्पांच्या मंडळात जायचो. जपानी सुधारायचं हा उद्देश. तो किती साधला ते सोडा, पण चार पोरांचा गुंता मात्र पहिल्या रांगेतून बघायला मिळाला. नावं देत नाही, देणारही नाही.

तर गुंता असा. कोरियन मुलाला जपानी मुलगी आवडायची. जपानी मुलीला जपानी मुलगा. जपानी मुलाला कोरियन मुलगी. आणि कोरियन मुलीचा जीव अडकलेला तिकडे कोरियात, सैन्यात गेलेल्या एका मुलात. (मावशी, कागद-पेन घेऊन बस. मीही बसलो होतो.)

जपानी मुलगी कोरियन शिकत होती. त्याला कारण तिची आई. 'विंटर सोनाटा' ही कोरियन मालिका २००३ मध्ये एनएचकेवर लागली आणि जपानातल्या समस्त काकू-मावश्या वेड्या झाल्या. हिच्या आईने क्लास लावला, सोडला. पुस्तकं लेकीकडे आली. पुस्तकात लिहिलं होतं की मुलीने वयाने मोठ्या मुलाला 'ओप्पा' म्हणायचं. ओप्पा म्हणजे मोठा भाऊ. हिने इमानदारीत कोरियन मुलाला ओप्पा म्हणायला सुरुवात केली. आता आपल्याकडे 'दादा' म्हटलं की विषय संपतो. तिकडे मुली प्रियकरालाही ओप्पाच म्हणतात, त्यामुळे ओप्पा म्हटलं की विषय सुरू होऊ शकतो. बिचाऱ्याचा झाला.

मग १४ फेब्रुवारी. जपानात त्या दिवशी मुली मुलांना चॉकलेट देतात, पण त्यात दोन जाती. 'गिरी-चोको', म्हणजे कर्तव्याचं चॉकलेट: साहेब, सहकारी, शेजारचा असे सगळ्यांना. आणि 'होनमेई-चोको', म्हणजे खरं, मनातल्या माणसाचं, शक्य तर स्वतः केलेलं. कोरियातही त्या दिवशी मुलीच देतात, पण कर्तव्याचं चॉकलेट वाटत सुटायची रीत तिथे जपानइतकी रुळलेली नाही. तिने मंडळातल्या सगळ्या पुरुषांना सारखी पाकिटं दिली. मलाही मिळालं. कोरियन गडी त्या पाकिटाकडे असा बघत होता की मी माझं खिशात लपवलं. घरी केलेला डबा जपानी मुलाला गेला. त्याने १४ मार्चला, परतफेडीच्या 'व्हाइट डे'ला, दुकानातला नीटनेटका खोका परत दिला. रिबिनसुद्धा दुकानाचीच. तिला उत्तर कळलं.

तिसरी तारीख कोरियाची. १४ एप्रिल, 'ब्लॅक डे'. ज्यांना दोन्ही महिन्यांत काही मिळालं नाही त्यांनी एकत्र बसून जाजांगम्यन खायच्या, म्हणजे काळ्या सोयाबीनच्या सॉसमधल्या नूडल्स. ताकादानोबाबाच्या पुढचंच स्टेशन शिन-ओकुबो, टोकियोतली कोरियन वस्ती. तिथे आम्ही गेलो, आणि टेबलावर ते चौघंही होते! एकमेकांमुळे एकटे पडलेले चौघं, एकाच टेबलावर, तोंडं काळी करून हसत. असं सण म्हणून दुःख साजरं करायची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. निदान एकटं पडून राहायची सोय राहत नाही.

त्यानंतर कोरियन मुलाने तिला विचारलं. तिचं उत्तर: 'चोत्तो...' चोत्तोचा अर्थ 'जरासं', आणि पुढचं वाक्य हवेत सोडायचं. जपानी माणसाला एवढं पुरतं, तो नकार आहे. या पठ्ठ्याने 'जरा थांब' असा अर्थ लावला आणि दोन महिने थांबला. इथे मी तिच्या बाजूने नाही. जपानीत 'हवा वाचणं' म्हणतात, कोरियनमध्ये 'नुनची'. न सांगता ओळखायची दोन्हीकडे मोठी प्रतिष्ठा. पण घरची हवा वाचता येते, परक्या भाषेतली नाही. शेवटी कोरियन मुलीने त्याला स्वच्छ सांगितलं, आणि मग त्याने तिचा नाद सोडला. एकदाही स्टेशनवर वाट अडवली नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका विद्वानाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणे, "इतिहास आडवा आला असणार." इतिहास होताच. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, आणि या मुलाच्या आजीला लहानपणी शाळेत जपानी नाव घ्यावं लागलं होतं. ही गोष्ट त्याने मंडळातच सांगितली होती, जपानी मुलीसमोर. पण विद्वानाचा तर्क त्याच्या कानावर घातला तेव्हा तो वैतागला. "तिला मी आवडत नाही, एवढंच. त्यात १९१० कुठून आणता?" मला हे वाक्य फार आवडलं. नकाराला देश, जात, घराणं असं काहीतरी भव्य कारण शोधलं की आपला मान राहतो. त्याने तीही पळवाट घेतली नाही.

जपानी मुलाने तर रीतसर 'कोकुहाकु' केला. ताठ उभं राहून सांगायचं: मला तू आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का? (कोरियनमध्ये हाच शब्द 'गोबेक', दोन्हीकडे चिनी अक्षरं तीच.) कोरियन मुलगी नाही म्हणाली, कारणासकट. त्याने ऐकून घेतल्याबद्दल आभार मानले, वाकला आणि गेला. तीन शनिवार आला नाही. चौथ्या शनिवारी आला आणि दोन खुर्च्या सोडून बसला.

आणि ती? सैन्यातल्या मुलाची वाट बघणाऱ्या मुलीला कोरियात 'गोमुशिन' म्हणतात, म्हणजे रबरी चपला. मध्येच साथ सोडली तर 'चपला उलट्या घातल्या'. तेव्हा ही सक्तीची नोकरी दोनेक वर्षांची होती. आता पायदळात दीड वर्षाची आहे. हिच्या चपला सरळच होत्या, पण त्याने थांब म्हटलंच नव्हतं. तो सुटून घरी आल्याचं हिला मैत्रिणीकडून कळलं.

आता कुणी म्हणेल, तिकडची पोरं मुळातच सज्जन. अजिबात नाही. जपानला पाठलागाविरुद्धचा कायदा २००० मध्ये करावा लागला, तोही एका तरुणीच्या खुनानंतर. कोरियाचा २०२१ मध्ये आला. आपण तर २०१३ मध्येच भारतीय दंड संहितेत ते कलम घातलं. म्हणजे कायद्यात आपण कोरियाच्या पुढे होतो! मागे आहोत ते नकार कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा, हे वयात येणाऱ्या पोरांशी बोलण्यात. ते काम आपण हिंदी सिनेमावर सोपवलं, आणि त्यातला नायक तर मुलगी हो म्हणेपर्यंत मागे फिरत राहतो. पेपरातले ते दोन शब्द तिथूनच येतात, असं माझं ठाम मत. पटत नसेल तर खाली भांडा.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं होतं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग शेवटी कुणाचं जमलं?"

कुणाचंच नाही. चौघांची लग्नं चार वेगळ्या माणसांशी झाली. जपानी मुलाच्या लग्नात कोरियन मुलगी सोलहून आली होती, असं त्यानेच कळवलं. फोटोत ती पुन्हा दोन खुर्च्या सोडूनच बसली आहे, पण तिच्या शेजारी नवरा आहे.