सेलच्या सकाळची झुंबड

दिवाळी अडीच आठवड्यांवर आली होती. बंगळूरच्या कोरमंगलातील एका फ्लॅटमधून २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘बिग बिलियन डे’ नावाचा एका दिवसाचा महासेल लावला. सकाळी ८ च्या ठोक्याला देशभरातली गिऱ्हाइके तुटून पडली आणि संकेतस्थळच कोलमडले. कुणाची पसंतीची वस्तू डोळ्यांदेखत संपली, तर कुणाची घेतलेली ऑर्डर नंतर रद्द झाली. तरीही दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाली!

चिकपेटच्या दुकानात निदान पुढे किती बायका उभ्या आहेत हे दिसते. इथे रांग दिसतच नाही. ‘थोडेच नग शिल्लक’ एवढे वाचले की हात आपोआप पुढे सरकतो. घरात मिक्सर चालू स्थितीत असताना दुसरा येतो, तो असा. आणि खोक्यावरची मूळ किंमत खरी की फुगवलेली, हे सेलच्या घाईत कोण ताडून पाहणार? त्या दिवशी नेमकी हीच तक्रार अनेकांनी केली.

दुसऱ्या दिवशी संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची माफी मागितली. पुढच्या वर्षी सेल पाच दिवसांचा झाला.