तुणतुण्याचे कसब

कोणी तेच ते बोलू लागला की ‘लावले याने आपले तुणतुणे’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्या वाद्यावाचून भवानीचा गोंधळ उभा राहत नाही आणि शाहिराच्या पोवाड्याला रंग चढत नाही, त्याचे नाव आपल्या भाषेने कंटाळ्याला द्यावे, याची खंत निदान धाराशिव जिल्ह्याच्या रहिवाशाला तरी वाटावयास हवी, कारण तुळजापूर याच जिल्ह्यात आहे.

गतवर्षी तेथील एका वृद्ध गोंधळ्याच्या ओसरीवर तुणतुणे मढविताना पाहण्याचा योग आला. रात्रभर भिजत घातलेले शेळीचे कातडे त्याने लाकडी नळकांड्याच्या तळतोंडावर ताणून दोरीने आवळले व ते सावलीत ठेवून दिले. (कातडे अर्थातच उस्मानाबादी शेळीचे, जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे मात्र सरकारदरबारी अद्याप तेच आहे.) दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कातडे टणक झाले होते. त्याच्या मध्यावर बारीक छिद्र पाडून त्याने तार ओवली, कातडे फाटून ती निसटू नये म्हणून खालच्या टोकाला सदऱ्याचे जुने बटण अडकविले, आणि वरचे टोक पोकळीतून नेऊन बाजूला जखडलेल्या बांबूच्या दांडीच्या खुंटीला गुंडाळले. मग नातवाला म्हणाला, ‘लाव आवाज.’ पोराने ‘उदोऽ’ म्हणताच म्हाताऱ्याने डोळे मिटून खुंटी पिळली, आणि तार त्या ‘उदो’त मिसळली तेव्हाच त्याचा हात थांबला.

सतार-तंबोऱ्याची थोरवी मला अमान्य नाही. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे तंबोरे घडविणारे मिरजेचे कारागीर घोडीवर कानस फिरवून जी जवारी काढतात, तिचा भौतिकशास्त्रीय विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला आहे. आणि 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनाची जी सनद मिळाली, ती यथायोग्यच होय. तुणतुण्याला मात्र घोडीच नाही. तेथे तार थेट कातड्याच्या उरात रुतलेली असते, त्यामुळे कातडे ओढले जाते, सैल होते, पावसाळी हवेत रुसते, आणि तिचा सूर सांभाळणे हे वाजविणाऱ्याचे आणि घडविणाऱ्याचे एकच काम होऊन बसते.

म्हणूनच मिरजेसारखी सनद तुणतुण्यालाही मिळावी, अशी मागणी मी करणार नाही. सनद दुकानाला लाभते. येथे दुकान नाही, पाटी नाही, गिऱ्हाईकही नाही. पत्र्याच्या डब्याला दांडी ठोकून वेळ भागविण्याची चाल मात्र पडली आहे. गोंधळ्यांची नवी पिढी या वाटेने जात नाही, यावर हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जे कसब जन्मासोबत गळ्यात बांधले जाते व ज्यापायी दारोदार जोगवा मागावा लागतो, ते सोडण्याचा त्या मुलांना पूर्ण अधिकार आहे.

मग हे कसब टिकावे कोणाच्या हाती? यासाठी इटलीतील क्रेमोना गावाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. स्ट्रॅडिव्हेरियस 1737 मध्ये निवर्तल्यानंतर तेथील व्हायोलिनची घराणी क्षीण होत गेली. पुढे 1938 मध्ये तेथे शाळा निघाली, परदेशांतील विद्यार्थी शिकावयास येऊ लागले, आणि 2012 साली युनेस्कोने ज्या परंपरेचा गौरव केला, ती अशा रक्ताबाहेरच्या हातांनीही तगविलेली होती. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले कापवून घेतली जातात. त्याऐवजी तालुक्यातील एखाद्या गोंधळ्यास रीतसर रोजमुरा देऊन बोलवावे, आणि पाटलाच्या, चांभाराच्या, मुसलमानाच्या, कोणाच्याही मुलामुलीने एक तुणतुणे आपल्या हाताने मढवावे. खर्च एका तारेचा, बांबूच्या तुकड्याचा, चार बोटे कातड्याचा. आणि तारेचा ताण वाढला की स्वर चढतो, हा विज्ञानाचा धडा त्या खुंटीवर फुकट मिळेल.

निघताना मी त्या वृद्धास विचारले, बाहेरचे पोर आले तर शिकवाल का? त्याने दांडी भिंतीला टेकविली. ‘कुणाचं का असंना,’ तो म्हणाला, ‘पर कातडं भिजत घालायला आदल्या रातीलाच यावं लागंल.’