उंच इमारती आणि हरवलेला पत्ता

जीपीएसची उपग्रहमाला सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सर्वांना विनामूल्य संकेत देते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. परंतु हे मोकळ्या आकाशाखालीच खरे ठरते. स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. उत्तुंग इमारती त्यांतील काही अडवितात, तर काही भिंतींवर आपटून विलंबाने पोहोचतात. आणि विलंब म्हणजे वाढलेले अंतर, असे समजून हातातील यंत्र चुकते.

रंकाळ्याच्या काठावर ही अडचण जाणवत नाही. मात्र मुंबईत लोअर परळला, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांखाली, घरपोच माल देणाऱ्या मुलास नकाशा भलत्याच गल्लीत नेऊन सोडतो. उंचीचा नफा बांधणाऱ्याचा. वाया गेलेला वेळ व पेट्रोल मात्र फेरीवर पोट असणाऱ्याचे! यालाच आम्ही वर्गात सामाजिक परिव्यय म्हणतो.

भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे काही उपग्रह आपल्या आकाशात बरेच माथ्यावर असतात, त्यामुळे साह्य होते. पण केवळ त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. कोल्हापूरही आता उंच वाढू लागले आहे. तेव्हा बांधकाम परवाना देतानाच इमारतीचे नाव, क्रमांक आणि प्रवेशद्वार दर्शविणाऱ्या ठळक पाट्यांची अट घालावी व ती काटेकोरपणे पाळून घ्यावी. खर्च किरकोळ आहे. मध्यरात्री रुग्णवाहिका दार शोधीत असेल, तेव्हा दिव्याखालची ती पाटीच कामास येईल.