कचेरी सुटल्यानंतरचा नागरिक

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेला शासन निर्णय आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा, अशी माझी विनंती आहे. विषय दिसावयास साधा आहे : शासकीय कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांचा वापर कसा करावा. त्यातील बहुतेक सूचनांना कोणीही समंजस माणूस हरकत घेणार नाही. गोपनीय कागदपत्रे बाहेर जाऊ नयेत, कार्यालयाचे खाते व स्वत:चे खाते वेगळे असावे, कोणाची बदनामी करू नये, द्वेष पसरवू नये, सरकारी गाडी व गणवेश यांची छायाचित्रे खाजगी खात्यावर मिरवू नयेत, हे सर्व ठीकच आहे. (शेवटच्या सूचनेची तर काही तरुण अधिकाऱ्यांना निकडच होती.) परंतु ह्या निरुपद्रवी सूचनांच्या दाटीत एक सूचना अशी आहे की, राज्य शासनाच्या किंवा देशातील अन्य कोणत्याही सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर वा कृतीवर कर्मचाऱ्याने प्रतिकूल टीका करू नये. केल्यास शिस्तभंगाची कारवाई. आणि हा नियम केवळ मंत्रालयातील साहेबलोकांसाठी नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका, मंडळे, महामंडळे, प्रतिनियुक्तीवरील व कंत्राटी माणसे असे सारे त्याच्या कक्षेत आले आहेत.

ह्या सूचनेचा अर्थ मुंबईत बसून पुरता ध्यानात येत नाही. तो बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी ध्यानात येतो. येथे कापूस आणि सोयाबीन ह्यांवर संसार चालतात, आणि ज्याला नोकरी आहे त्याच्याही घरी बहुधा चार-सहा एकर कोरडवाहू शेती असते. शासन निर्णय निघाल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविले. हे शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात लावलेले होते. सवलत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे दसरा-दिवाळीला आमच्या बाजारात नवा कापूस येऊ लागतो, नेमक्या त्या काळात परदेशी गाठींना दार मोकळे झाले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविल्यामुळे अडचणीत सापडलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, ही त्यामागील भूमिका होती, व तिच्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मध्यम धाग्याच्या कापसाला त्याच हंगामासाठी ७,७१० रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर करावयाचा आणि त्याच हंगामात आयातीचा बांध फोडावयाचा, ह्या दोन गोष्टींची संगती कशी लावावी, असा प्रश्न अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी विचारील.

आता समजा, आमच्या तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकाने हाच प्रश्न विचारला. शाळेत नव्हे; शाळा सुटून, रात्रीची भाकर खाऊन झाल्यावर, स्वत:च्या फोनवर. ऐन वेचणीच्या तोंडावर शुल्क उठविणे म्हणजे कास्तकाराच्या पोटावर पाय देणे होय, एवढेच त्याने लिहिले. त्याने शाळेचे नाव घेतले नाही, कोणत्या पक्षाला मत द्या म्हटले नाही, सरकारी कागद फोडला नाही. तो पऱ्हाटीच्या घरातला मुलगा म्हणून बोलला. तरीही तो दोषी ठरतो, कारण केंद्राच्या चालू धोरणावर ही प्रतिकूल टीका झाली. त्याच रात्री त्याच्या शेजारच्या वर्गावरील शिक्षकाने लिहिले की, निर्णय दूरदृष्टीचा आहे, तर ह्या सूचनेप्रमाणे तो मात्र निर्दोष! उलट, शासकीय योजनांच्या यशाविषयी लिहिण्यास ह्याच निर्णयात मुभा आहे. त्यातून आत्मस्तुती होऊ नये, एवढीच तंबी.

नि:पक्षपातीपणाचे समर्थन करणाऱ्यांना माझा प्रश्न येथेच आहे. सेवकाने नि:पक्षपाती असावे, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु नि:पक्षपातीपणाचा नियम असता तर त्याने निंदा आणि स्तुती ह्या दोहोंनाही एकच माप लावले असते. ज्या नियमाला केवळ प्रतिकूल मतच दिसते आणि अनुकूल मत दिसत नाही, तो नियम पक्षपाताला प्रतिबंध करीत नसून मतभेदाला शिक्षा करतो. कर्मचाऱ्याने पगार घेतला तो कामाचा. कचेरी सुटल्यानंतरचे त्याचे मत सरकारने विकत घेतलेले नाही.

हा नियम आजचा नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याचे मूळ महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये आहे. राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा प्रसिद्ध संप १९७७ च्या डिसेंबरात सुरू होऊन १९७८ च्या फेब्रुवारीत मिटला आणि पुढल्याच वर्षी हे नियम आले. दोहोंचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही. असे नियम त्यापूर्वीही होतेच, आणि ते आपण इंग्रजांकडून वारशाने घेतले. मात्र वृत्तपत्राला पत्र लिहिणारा कर्मचारी पूर्वी शेकड्यात एखादा असे; आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. जुना नियम अडगळीत पडलेला होता. तो आता प्रत्येक घराच्या ओसरीपर्यंत आला, हा खरा फरक होय.

इंग्रजी अमलात तरी सेवक मुके होते काय? महाराष्ट्राचा वैचारिक इतिहास त्याची वेगळीच साक्ष देतो. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली ती सरकारी नोकरीत असताना, टोपणनावाने. पण माझ्या विषयाच्या माणसाला आठवतात ते न्यायमूर्ती रानडे. १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. दिवसा सरकारच्या न्यायासनावर बसावयाचे आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेच्या कामात सरकारच्या जमीन महसुलाच्या धोरणाची चिरफाड करावयाची, हा त्यांचा क्रम होता. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले; त्यातील बरेच लेख रानड्यांचे असत, पण त्यांवर नाव नसे. सरकारी हायस्कुलांत मुख्याध्यापकी केलेले गणेश व्यंकटेश जोशी हेही त्याच त्रैमासिकात शेतसाऱ्याविषयी व दारिद्र्याविषयी आकडेवार लेख लिहीत. भारतीय अर्थशास्त्र म्हणून आम्ही जे तीन तपे वर्गात शिकविले, त्याचा पाया असा नोकरीतल्या माणसांनी, फावल्या वेळात, निनावी घातला आहे. सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले तेव्हा रानड्यांवर संशयाची नजर वळली, त्यांची बदली धुळ्यास झाली, आणि तेथे त्यांचे टपाल पाहिले जात असे, हे रमाबाईंच्या आठवणींवरून कळते. तरी त्यांची नोकरी गेली नाही. १८९३ मध्ये तर ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परक्या सरकारला झालेला हा लाभ पाहा : दुष्काळात खेड्यात काय चालले आहे, हे त्याला स्वत:च्याच नोकरांच्या लेखणीतून वाचावयास मिळे.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तेव्हा ते सिडनॅम ह्या सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे घालावे लागले. पुढे १९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. प्राचार्यपदाची खुर्ची आणि येवल्याचे व्यासपीठ ह्या दोन जागा वेगळ्या आहेत, एवढे ब्रिटिश मुंबई सरकारलाही उमगले होते.

त्याच आंबेडकरांच्या हातून घडलेल्या राज्यघटनेत ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते. अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधने घालता येतात, त्याची यादी आहे : देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी इत्यादी. त्या यादीत ‘सरकारची अडचण’ हे कारण नाही. सैन्य व पोलीस यांच्या मूलभूत हक्कांत संकोच करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला वेगळा दिला आहे. वेगळा दिला, याचाच अर्थ इतर सेवकांचे हक्क शाबूत आहेत. बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हाच युक्तिवाद स्वीकारला आणि कर्मचाऱ्यांच्या सर्व प्रकारच्या निदर्शनांना बंदी करणारा नियम तेवढ्यापुरता रद्द केला. (संप हा मूलभूत हक्क नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे, सोयीचे तेवढे घेऊ नये म्हणून सांगतो.)

त्याच वर्षीचा दुसरा निकाल आपल्या मुंबईचा आहे आणि तो संघटनांच्या कार्यकर्त्यांनी विसरू नये. ई. एक्स. जोसेफ हे मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात नोकरीस होते व बिगर-राजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सचिव होते. सरकारने १९५९ मध्ये संघटनेची मान्यता काढली. जोसेफ यांनी सचिवपद सोडले नाही. मान्यता नसलेल्या संघटनेत राहिले म्हणून, आणि १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या तयारीत निदर्शने केली म्हणून, त्यांच्यावर कारवाई सुरू झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीस गेले. ३० ऑक्टोबर १९६२ रोजी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला : संघटनेत राहण्यास सरकारी मान्यतेची अट घालणारा नियम घटनाबाह्य, आणि निदर्शनांवरील बंदीही टिकणार नाही. एका कारकुनाने सरकारशी झुंजून हे मिळविले आहे. अलीकडे २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयानेही, एका राजकीय सभेस हजर राहून फेसबुकवर लिहिल्याबद्दल निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालेल्या कर्मचारी बाईंच्या बाजूने निकाल दिला.

तरी मर्यादा नाहीतच असे नव्हे. तहसीलदाराने संध्याकाळी एखाद्या पक्षाचा जाहीर जयजयकार केला आणि सकाळी तोच निवडणूक अधिकारी म्हणून बसला, तर गावाने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? पोलीस निरीक्षकाने एखाद्या जमातीविरुद्ध लिहिले, तर त्या जमातीचा माणूस फिर्याद घेऊन ठाण्यात कसा जाईल? तेव्हा कसोटी लावावयाची ती पदाला व कामाला : ह्या बोलण्याने ह्या माणसाच्या कामात बाधा येते काय? सरकारला ते झोंबते काय, ही कसोटी नव्हे. ब्रिटनमध्ये १९४९ च्या मास्टरमन समितीनंतर कर्मचाऱ्यांची पदाप्रमाणे वर्गवारी झाली : वरिष्ठांवर कडक बंधने, मधल्यांना परवानगीने मोकळीक, आणि खालच्या फार मोठ्या वर्गाला राजकारणाचीही मुभा. ज्यांच्याकडून आपण बंधने घेतली त्यांच्याकडून ही वर्गवारी मात्र घेतली नाही. आमच्याकडे सचिव आणि शिपाई यांना एकच कुलूप.

येथे आपल्याच घरातील एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ९ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने १९६६, १९७० व १९८० च्या आदेशांतून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव वगळले आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना संघाच्या कार्यक्रमांत जाण्याची वाट मोकळी केली. आपल्यापैकी अनेकांनी त्यावर टीका केली. माझे मत थोडे निराळे आहे. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला पूर्वी संघ-जनसंघाच्या कामात भाग घेतला म्हणून नोकरीतून काढले होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अयोग्य ठरविले, व ते बरोबरच होते. संघाशी आपला विरोध विचाराचा आहे. तो पोलिसी अहवालाने आणि बडतर्फीने लढावयाचा नाही. परंतु मग प्रश्न असा की, कचेरी सुटल्यावर कर्मचाऱ्याने शाखेत जाणे जर चालते, तर कचेरी सुटल्यावर आमच्या शिक्षकाने कापसाच्या आयातीवर चार ओळी लिहिणे का चालत नाही? २०२४ च्या जुलैत एक दार उघडले आणि २०२५ च्या जुलैत दुसरे लावले. दोन्हीं सरकारांतील प्रमुख पक्ष एकच.

मागणी काय करावयाची? प्रतिकूल टीकेविषयीची सूचना रद्द करून तिच्या जागी कामाशी संबंध जोडणारी कसोटी घालावी, आणि पदाप्रमाणे वर्गवारी करावी. कर्मचारी संघटनांनी ही मागणी जुन्या पेन्शनच्या मागणीच्या शेजारी मांडली पाहिजे. मार्च २०२३ च्या पेन्शनच्या संपात जे लाखो लोक उतरले, त्यांचे तेव्हाचे निम्मे लिखाण आज ह्या सूचनेच्या कचाट्यात सापडेल.

आणि संघटनांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वर सांगितलेले बहुतेक निकाल ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या हातात निदान एक कागद होता : निलंबनाचा आदेश, आरोपपत्र, बडतर्फी. त्या कागदावर बोट ठेवून ते न्यायालयात गेले. कंत्राटी माणसाला असा कागद मिळत नाही. आरोग्य केंद्रातील कंत्राटी परिचारिका किंवा पंचायत समितीतील संगणक चालविणारा मुलगा यांनी रात्री काही लिहिले, तर त्यांची चौकशी होणार नाही, आरोपपत्र निघणार नाही. मुदत संपली की पुढची ऑर्डर येणार नाही, इतकेच. कारण विचारले तर उत्तर मिळेल, निधी नाही. शासन निर्णयाने कायम सेवकाची बंधने ह्या मुलांवर घातली. कायम सेवकाचे संरक्षण मात्र त्यांना दिले नाही. बार्शीटाकळीत तरी अशा किती जणांचे नूतनीकरण ह्या निर्णयानंतर थांबले, त्याची नावनिशीवार नोंद तालुका पातळीवर ठेवावयास आपल्या कार्यकर्त्यांनी ह्याच महिन्यात सुरुवात करावी. उद्या न्यायालयात जावयाचे झाले तर ती वही हाताशी असेल.