बियाण्याचा प्रश्न आणि लोकमत

आपल्या नवागामातील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय सुरतेच्या कारखान्यात, तर दुसरा जळगाव, धुळे, नंदुरबारकडील शेतात असतो. मृग जवळ आला म्हणजे येथल्या मजुरीतून गावाकडे पैसे जातात, ते बियाण्यासाठी आणि खतासाठी. म्हणूनच जनुकीय परिवर्तित पिकांविषयी आपल्या देशात गेली पंचवीस वर्षे जो वाद चालू आहे, तो पंडितांचा म्हणून सोडून देणे आपणांस परवडणारे नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. जीवशास्त्रातील अधिकार तो सांगत नाही. परंतु या विषयात लोकमताचे स्थान कोणते, हा प्रश्न शास्त्रज्ञांइतकाच नागरिकांचाही आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. संकरित बियाणे निराळे आणि जनुकीय परिवर्तित बियाणे निराळे. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकर-४' हे वाण सिद्ध केले. व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस तो हाच, आणि तो आपल्याच शहरात जन्मला. त्यात कापसाचा संकर कापसाशीच केलेला होता. बीटी कापसाचे तसे नाही. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत कापसाच्या झाडात घातलेले असते. त्यायोगे झाडातच एक प्रथिन तयार होते आणि ते पोटात गेले म्हणजे बोंडअळी मरते.

हा कापूस भारतात सरकारी परवानगीने आला, त्याआधीच तो परवानगीवाचून आला होता. २००१ साली गुजरातेत 'नवभारत-१५१' या नावाने विकलेले बियाणे बीटीचे असल्याचे उघडकीस आले. पीक नष्ट करण्याचा हुकूम सुटला. पण इतर शेतांत अळीने बोंडे पोखरली असता ज्याचा कापूस उभा होता, तो शेतकरी त्या हुकमाला कसा राजी होणार? पुढे मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन वाणांना रीतसर मान्यता मिळाली. काही वर्षांतच देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी पसरला.

या पिकाला कोणी कामधेनू म्हटले, कोणी विष म्हटले. अनुभवाने दोन्ही मतांना मुरड घातली आहे. आरंभी बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे खरे. परंतु त्याच गुजरातेत, सौराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत, २००९ च्या हंगामात गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी वाणांना दाद देईनाशी झाल्याचे दिसले. आणि २०१७ साली विदर्भात दोन जनुकांच्या बीटी कापसावरही तिने मोठे नुकसान केले. अशी प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये म्हणून बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचे लहान पाकीट देण्याची योजना होती. साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांशी संकर होत राहिला म्हणजे सोकावलेल्या अळीचे वंशज चटकन माजत नाहीत. पण पुष्कळांनी ते पाकीट पेरलेच नाही. ते कशासाठी आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी नीट समजावून सांगितले होते काय?

लोकमत म्हणजे काय, हे पाहण्याचा एक प्रसंग २०१० साली आला. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली असता, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अहमदाबाद, नागपूर आदी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती दिली. तेव्हा काही विद्वानांनी विचारले, शास्त्राचा निकाल हात वर करून लागतो काय? आक्षेप निम्मा खरा आहे. एखादे प्रथिन माणसाला अपायकारक आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच ठरावे, सभेत नव्हे. पण पीक बुडाले तर नुकसान कोणी सोसावे, जळगावच्या भरताच्या वांग्याचे किंवा आमच्या गोव्याकडील आगशीच्या वांग्याचे मूळ वाण शुद्ध राहील याची हमी कोणी द्यावी, ग्राहकाला पदार्थावर तशी नोंद मिळावी की नाही, हे प्रश्न कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार? ते जनतेचेच आहेत.

मात्र सरकारचीही एक चूक दाखविली पाहिजे. लोकांना विचारले, हे उत्तम झाले. परंतु विचारल्यानंतर पंधरा वर्षे लोटली तरी निकाल लांबणीवरच आहे. शेजारच्या बांगलादेशात तेच वांगे २०१४ पासून शेतात आहे. स्थगिती ही अधिक परीक्षणासाठी असते, विसरण्यासाठी नव्हे. निर्णय रेंगाळला म्हणजे बियाणे चोरवाटेने येते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सोसणारा, मान्यता नसलेला कापूस उघडपणे पेरला. त्यांचे म्हणणे, निंदणीचा खर्च परवडत नाही. म्हणणे खोटे नाही. पण त्याच निंदणीच्या मजुरीवर ज्या बायांची चूल पेटते, त्यांचे मत कोणी विचारले? शिवाय चोरट्या बियाण्याला पावती नसते. ते उगवले नाही तर दाद मागायची कोणाकडे?

आपल्यापैकी कित्येकजण 'आम्ही असले काही खात नाही' असे ठासून सांगतात. गुजरातेत घरोघरी वापरले जाणारे कपासिया तेल ज्या सरकीचे निघते, ती आज बहुतेक बीटी कापसाचीच असते! शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, हा भाग वेगळा. पण माहितीवाचून बनलेले मत, मग ते अनुकूल असो वा प्रतिकूल, किती पोकळ असते, हे यावरून दिसून येईल.

माझे मत थोडक्यात असे: सरसकट बंदी नको, सरसकट मोकळीकही नको. प्रत्येक पिकाची परीक्षा स्वतंत्र व्हावी. ती बियाणे विकणाऱ्याने नव्हे, तर निराळ्या संस्थेने करावी. तिचा अहवाल मराठी, गुजराती अशा लोकभाषांत छापावा. सुनावणी तालुक्याच्या गावी व्हावी आणि तीत मजूर स्त्रियांनाही बोलावले जावे. आणि निकालाला मुदत असावी. सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२४ मध्ये मोहरीच्या वाणाविषयी दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले, तरी शेतकऱ्यांसह सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण ठरवावे, यावर दोघांचेही एकमत होते.

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी अनेकजण गावी जाल. घरात बियाण्याचे पाकीट आले, तर त्यावरील मजकूर वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, दुकानदाराची पावती जपून ठेवायला सांगा, आणि साध्या कापसाच्या बियाण्याची सोय कोठे केली आहे, तेही शोधा. निंदणीला जाणाऱ्या काकू-मावशींना त्यांचे मत विचारा आणि वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षीच्या या अंकात तो मजकूर छापण्याजोगा ठरेल.