नावाचा राग, रोगाची उपेक्षा

२००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचे जिवाणू आढळले. हा रुग्ण त्यापूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात राहून आला होता. इतर प्रतिजैविके हरली की डॉक्टर ज्यांचा आधार घेतात, त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही निष्प्रभ करणारे एक नवे विकर या जिवाणूंपाशी होते. संशोधकांनी त्याचे नाव नवी दिल्लीवरून ठेवले. ऑगस्ट २०१० मध्ये याविषयीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडे संतापाची लाट उसळली. हा आपल्या रुग्णालयांना बदनाम करण्याचा परकीय डाव आहे, असे म्हटले गेले. त्या अभ्यासात चेन्नईचे संशोधकही होते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडला.

नावावरचा आक्षेप अगदीच गैर होता असे आम्ही म्हणत नाही. नव्या रोगांना गावांची वा देशांची नावे देऊ नयेत, असे पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचविले. परंतु नावासाठी जेवढा राग आला, त्याचा दशांश तरी रोगासाठी आला काय? २०११ मध्ये दिल्लीतील साचलेल्या व वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत याच विकराचे जनुक सापडले. त्यावरही प्रथम नकारच ऐकू आला.

हा नकार शेवटी कोणाला भोवतो? वॉर्डातल्या खाटेवरच्या माणसाला. मांडीचे हाड मोडलेली आजी शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर येते. मग लघवीच्या नळीवाटे जिवाणू शिरतात, ताप चढतो, औषध बदलते, ताप उतरतो. ती घरी जाते आणि पंधरवड्यात पुन्हा त्याच तापाने फणफणत परत येते. प्रत्येक खेपेस औषध अधिक जहाल, अधिक महाग. घरचे म्हणतात, ‘तिचे नशीब.’ आम्ही म्हणतो, यात नशिबापेक्षा माणसांच्या हातांचा भाग मोठा आहे.

कारण हे जिवाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते बहुधा हातांवरूनच. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्याचे कौतुक झाले नाही. उलट डॉक्टरांचे हात अस्वच्छ असू शकतात, या विचारानेच पुष्कळ जण दुखावले. मान जपायचा आणि माणूस गमवायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. एकेका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार टाकून, नळाला पाणी आणि हाताला साबण न पुरविता, संसर्गाचा दोष तिच्याच माथी मारणे हा तर शुद्ध अन्याय होय.

दुसरा हात औषधाच्या दुकानातला. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीप्रमाणे अनेक महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. कायदा चांगला आहे. पण सर्दीपडशाला ‘एखादी स्ट्राँग गोळी द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि ती मुकाट्याने देणारा दुकानदार आपल्या ओळखीचा नाही, असे किती वाचक छातीवर हात ठेवून सांगतील? सर्दी विषाणूंची; प्रतिजैविक त्यांना शिवतही नाही. त्या गोळीने मरतात ते शरीरातले दुबळे जिवाणू. उरतात ते चिवट आणि मोकळ्या रानात वाढतात. एवढेच नव्हे, तर चिवटपणाचे हे जनुक एका जातीचे जिवाणू दुसऱ्या जातीलाही देतात. पेनिसिलिनच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील आपल्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याची जाणीव दिली होती.

जगभरातील अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळेच दगावली. या आकड्यापुढे नावाचा मानापमान किती क्षुल्लक!

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे दाखल झाल्यावर किती रुग्णांना संसर्ग झाला, हे दर्शनी भागात लिहावे. जे रुग्णालय आकडा लपवीत नाही, ते आम्ही अधिक विश्वासाचे मानू. परिचारिकांची संख्या वाढवावी. आणि आपण आजाऱ्याला भेटायला जाताना फळांच्या पिशवीआधी आपल्या हातांकडे पाहावे. बदनामी नाव ठेवल्याने होत नाही. आजी तिसऱ्यांदा त्याच खाटेवर येते आणि तिला कोणी कारण विचारीत नाही, तिथे ती होते.