मुसळीचं बेणं घेताना पानाची चाचणी मागा



मुसळी सोलून वाळवली की सगळी सारखीच पांढरी दिसते. पान नाही, फूल नाही, साल पण नाही. मग खरी कुठली अन् खोटी कुठली हे ठरवतो कोण? घेणारा, तेही नुसतं तोंडानं. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्यानं मला "ही आपली मुसळी नव्हे, जंगली आहे" असं सांगून भाव पाडला आणि तोच माल लगेच पोत्यात भरून नेला. जंगली होती तर नेली कशाला? कागद माझ्याकडंही नव्हता, त्याच्याकडंही नव्हता, पण वजनकाटा त्याचा होता.

माझं मत स्पष्ट आहे. हा वाद लागणीच्या आधी, बेणं विकणाऱ्याच्या दारात मिटला पाहिजे. त्यासाठी हरितलवकातल्या जनुकांची चाचणी आहे, आणि ती आपण मागत नाही म्हणून कुणी देत नाही.

आधी नावांचा घोळ बघा. आपण जिची लागवड करतो ती क्लोरोफायटम बोरिविलियानम. नावातलं बोरिविली म्हणजे मुंबईचं बोरिवली बरं का. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी हे नाव दिलं. पण ट्युबरोसम, अरुंडिनेसियम या तिच्या बहिणीसुद्धा बाजारात मुसळीच. उत्तरेकडं तर शतावरीच्या एका भावंडाचं, अॅस्परॅगस अॅडसेन्डेन्सचं मूळ सफेद मुसळी म्हणून विकतात. काळी मुसळी आणखी वेगळ्या कुळातली. आणि पहिल्या पावसात आपण फोडशीची भाजी खातो, तीही याच गोतावळ्यातली. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला पावरा समाजातल्या म्हाताऱ्या बाया चालता चालता पान बघून वेगळं काढतात. पण पानं पिवळी पडून गळाली की त्यांचंही काही चालत नाही, आणि आपली काढणी तर पानं गेल्यावरच होते.

आता चाचणी काय असते ते माझ्या समजुतीप्रमाणं सांगतो. पानातला हिरवा कण, हरितलवक, त्याचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, साधारण दीड लाख अक्षरांचा. एका पेशीत असे पुष्कळ कण, आणि प्रत्येकात त्या डीएनएच्या पुष्कळ प्रती. म्हणून वाळलेल्या पानातूनही तो सापडतो. मूळ हिरवं नसलं तरी त्यात याच लवकाची बिनरंगी भावंडं असतात, त्यामुळं वाळलेली मुसळीही तपासता येते. मात्र उकळून काढलेल्या अर्कात डीएनए तुटून जातो, तिथं ही चाचणी भरवशाची नाही. चार मुळ्या एकत्र दळलेल्या पुडीलाही साधी चाचणी पुरत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते.

या दीड लाखातले दोन तुकडे मुख्य धरतात, आरबीसीएल आणि मॅटके. पान हवेतला कार्बन पकडतं त्या प्रथिनाचा मोठा भाग आरबीसीएलवरून बनतो. हिरव्या झाडांत तो असतोच आणि फार हळू बदलतो, म्हणून कूळ पक्कं सांगतो. मॅटके जरा लवकर बदलतो, म्हणून बहिणी-बहिणींतला फरक दाखवतो. जुन्या पुस्तकांत कांदा, शतावरी, मुसळी सगळे लिलीच्या कुळात होते. १९९३ साली जवळपास ५०० झाडांचा आरबीसीएल ताडून बघितला गेला, पुढं आणखी जनुकं तपासली, आणि कुळांची मांडणीच बदलली. आज मुसळी आणि शतावरी एका कुळात, आणि त्याच कुळात बांधावरचं घायपात! कांदा दुसऱ्या कुळात गेला. मला तर घायपाताकडं बघून अजून हसू येतं.

पण कुणी "चाचणी केली म्हणजे संपलं" म्हणालं तर ऐकू नका. २००९ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं ५५० प्रजातींचे ९०७ नमुने तपासून हे दोन तुकडे ठरवले. त्यात नेमकी प्रजाती ओळखली गेली ७२ टक्के वेळा. बाकीच्यांत जवळच्या बहिणींच्या गटापर्यंतच पोचता आलं. म्हणून २०११ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी केंद्रकातला आयटीएस तुकडाही जोडा असं सुचवलं. मुसळीसारख्या जवळजवळच्या बहिणी असलेल्या पिकाला हा तिसरा तुकडा जोडूनच अहवाल मागावा, असं मला वाटतं.

आणि वाण? वाण यातून कळत नाही. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतं, बापाचा पत्ता त्यात नसतो. म्हणून संकरित बियाणं खरं का बनावट, कपाशीत बीटी आहे का नाही, हे याला विचारू नका. त्या गोष्टी केंद्रकात असतात आणि त्यांच्या चाचण्या वेगळ्या. मुसळीत सॅपोनिन किती हेही यातून निघत नाही. एखादा विक्रेता हा अहवाल दाखवून "अमुक वाण, जास्त सॅपोनिन" म्हणायला लागला तर हात जोडा आणि पुढं चला.

आणखी एक. यंत्र फक्त अक्षरं वाचतं. ती कशाशी ताडायची, तर ओळख पटलेल्या नमुन्याशी. तो नमुना फुलासकट दाबून ठेवलेला आणि वनस्पतीशास्त्रज्ञानं बघितलेला पाहिजे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडं आणि आघारकर संस्थेकडं असे संग्रह आहेत. प्रयोगशाळेवर पैसा घालायचा आणि रानात झाड ओळखणारी माणसं नेमायची नाहीत, हे मला पटत नाही. मूळ नमुन्याचं नावच चुकलं तर अहवालही चुकीचाच येणार.

एकट्या शेतकऱ्याला दर पोत्यामागं चाचणी परवडत नाही, खरं आहे. पण बेणं विकणाऱ्याची मातृबाग एकच असते. तिथं एकदा तपासा, अहवालाची प्रत प्रत्येक बिलाला जोडा. किंवा दहा-बारा जणांचा गट करून एकाच लॉटचं बेणं घ्या आणि खर्च वाटून घ्या.

यंदा लागण केली असेल तर एवढं करा. फुलोऱ्यात आलेली दोन-तीन झाडं मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबून वाळवा. कोवळी, निरोगी पाच-सहा पानं वेगळी, सिलिका जेलच्या दाण्यांत घालून ठेवा. ओलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कुजतं. दोन्हींवर तारीख, गट नंबर आणि बेणं कुणाकडून घेतलं ते पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.